चढ चढूनही मी थंड

मित्रांनो, तुम्ही मला बहुतेक कधी पाहिले नसेल. मी दर्शनी भागात बसणाऱ्यांपैकी नाही. टेबलाखाली ती काळी पेटी असते ना, जिच्यावर पाय ठेवला म्हणून तुम्ही आईची बोलणी खाता, तिच्या पोटात मी राहतो. मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. अंगावर दोन पंखे, पाठीला धातूची पट्टी आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला, असे माझे रूप. पडद्यावर जे जे दिसते त्यावर शेवटचा हात माझा फिरतो. निदान फिरायला हवा. तो फिरत नव्हता, त्या दिवसांची ही हकिकत. पण आधी थोडे मागचे सांगतो, म्हणजे माझी ओळख पटेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, फक्त डोळे दिसत. त्यामुळे मला घडवणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा मला ठाऊक नाही. शेवटच्या तपासणीला बसणाऱ्या एका बाईंचे हात मात्र आठवतात. त्यांनी मला यंत्रात अडकवले, मी पडद्यावर एक रंगीत चेंडू फिरवून दाखवला, आणि त्यांनी माझ्या पंख्याजवळ बोट नेऊन वारा लागतो का ते पाहिले. मग म्हणाल्या, "जा आता, चांगलं काम कर." येणाऱ्या प्रत्येक कार्डाला त्या हेच म्हणत असणार. तरी मला वाटले, मलाच म्हणाल्या.

माझी पहिली नोकरी घरांचे आराखडे काढणाऱ्या एका कार्यालयात होती. पायासुद्धा खणलेला नसताना मी तिथे अख्खी इमारत उभी करत असे, जिन्यासकट, खिडक्यांसकट. एकदा एक वयस्क जोडपे आले होते. बाईंना स्वयंपाक करताना बाहेरचे झाड दिसायला हवे होते. मी खिडकी थोडी डावीकडे सरकवली, झाड चौकटीत घेतले, सकाळचे ऊन ओट्यावर पाडले. बाईंनी नवऱ्याची कॉलर सारखी केली आणि हळूच डोळे टिपले. कार्यालयाच्या मॅडमना कुणाचे कौतुक करणे म्हणजे जिवावर यायचे. त्यांनीही त्या दिवशी पेटीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "या मशीनला दृष्ट लागायला नको." पुढे कितीतरी दिवस मी हवेत होतो.

दृष्ट लागलीच म्हणायची. माझ्याहून ताकदवान, तीन पंख्यांचे नवे कार्ड आले आणि माझी रवानगी खणात झाली. खणात माझ्या सोबतीला गुंतलेल्या वायरी होत्या, बटणे गेलेला कॅल्क्युलेटर होता, आणि कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली होती. कुणीतरी घाईत स्टेपलर फेकला, तेव्हा माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. एकदा साफसफाई निघाली आणि शिपाई अख्खा खण कचऱ्याच्या पिशवीत ओतायला निघाला. तेवढ्यात तिथला एक तरुण नकाशाकार म्हणाला, "टाकू नका. असू दे, लागेल कधीतरी."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. त्याने माझा जीव वाचवला, आणि पुढे त्यानेच मला रिकामे बसवले. हे वाक्य त्या तरुणाचे एकट्याचे नव्हते, ते त्याच्या आजोळचे होते. त्या घरात झाकणे हरवलेल्या बरण्या होत्या, बरण्या फुटलेली झाकणे होती, जोडीदार गमावलेला एक मोजा होता, आणि ही सगळी मंडळी 'असू दे'च्या आधारावर सुखाने नांदत होती.

त्या घरात त्या तरुणाचे मामा राहतात. घरातले त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबा बसचे ड्रायव्हर. अर्धे आयुष्य त्यांनी स्टेअरिंगमागे काढलेले. त्यांची बस थांब्यावर अशी लागायची की पुढचे दार बरोबर रांगेतल्या पहिल्या माणसासमोर उघडायचे. एरवी माणूस साधा, पण एवढ्या एका गोष्टीचा त्यांना तोरा होता. मग एकदा डेपोत बस धुतात तिथल्या ओल्या पायरीवरून ते घसरले आणि त्यांचा उजवा पाय मोडला. ड्रायव्हरचा उजवा पाय म्हणजे ब्रेकचा पाय.

यथावकाश हाड जुळले. डॉक्टर म्हणाले, पाय बरा आहे. पण डेपोचा नियम असा, की एवढ्या दुखापतीनंतर गाडी पुन्हा हातात घ्यायची तर आधी चाचणी द्यायची. इन्स्पेक्टर शेजारी बसतो आणि ध्यानीमनी नसताना 'थांबा' म्हणतो. गाडी कुठे थांबते ते बघतो. नापास झाला त्याला स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट मोजायचे काम. बाबा स्टोअरच्या कामाला कमी लेखत नव्हते. पण त्यांच्या मार्गावर सध्या बदली ड्रायव्हर गाडी नेत होता, आणि त्याचा विषय निघाला की बाबा पेपर उलटा धरून वाचत बसायचे.

त्यांची लेक कॉलेजात शिकते. लहानपणी ती वाटीवर चमचा वाजवत, "चला, पुढे सरका" म्हणत घरभर फिरायची. म्हणून बाबा तिला अजून कंडक्टर म्हणतात. कल्पना तिचीच. बस चालवायचा एक खेळ असतो. त्यात खऱ्यासारखे शहर असते, थांबे असतात, चढ असतात, मधेच रस्त्यात धावणारी माणसे असतात. मैत्रिणीकडून तिने खेळाचे स्टेअरिंग आणि पायाशी ठेवायची पेडल आणली. "घरबसल्या पायाला सवय होईल," ती म्हणाली.

"गाड्या गाड्या खेळायचं वय आहे का माझं?" बाबा म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

पण खेळ सुरूच होईना. 'ग्राफिक्स लायब्ररी फार जुनी आहे' अशी पाटी यायची आणि सगळे ठप्प. इथे पुस्तकांची लायब्ररी डोळ्यांपुढे आणू नका. खेळ एका भाषेत बोलतो आणि चित्र काढणारे यंत्र दुसऱ्या, म्हणून मधे एक दुभाषी लागतो. खेळ म्हणतो, इथे वळण काढ, तिथे झाड, वरून ऊन. दुभाषी ते यंत्राला समजेल असे सांगतो. या दुभाष्याला संगणकवाले लायब्ररी म्हणतात. बाबांच्या पेटीत तेव्हा माझ्यासारखे कार्डच नव्हते, त्यामुळे तिथला दुभाषीही जेमतेम होता. लेकीने इंटरनेट पालथे घातले. एका भल्या माणसाने उपाय लिहिला होता. ही एक फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये टाका, मग कार्ड नसले तरी चालेल. तिने टाकली आणि खेळ सुरू झाला. सुरू झाला म्हणजे रांगायला लागला. बस दर चार हातांवर अडखळायची.

म्हणून दादाने, म्हणजे तिच्या आतेभावाने, म्हणजे त्याच नकाशाकाराने, मला या घरी आणले.

पेटी उघडली, मला माझी जागा मिळाली. घरात सगळे त्या अख्ख्या पेटीला सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली चौकोनी बिस्किटाएवढा बसलेला असतो, आणि पेटीभर आपले नाव चालते याचे त्याला मनापासून समाधान आहे. तसा तो भला आणि मेहनती. दादाने मग माझा ड्रायव्हर टाकला. मला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हरच म्हणतात. ते ऐकून बाबांना हसू आले.

"त्यालापण ड्रायव्हर लागतो?"

"तुमच्यासारखाच, मामा."

"मग बरा मिळू दे म्हणजे झालं."

दादाने लेकीला विचारले, "खेळ काढून नव्यानं टाकू का?"

"नको. बाबांनी सीट, आरसे, ब्रेक सगळं आपल्या मापानं लावून घेतलंय. फोल्डर आहे तसा राहू दे."

"आणि ही जादाची फाइल कसली?"

"तिच्यामुळेच तर खेळ सुरू झाला. असू दे, लागेल कधीतरी."

दादानेही मान डोलावली. आजोळचेच रक्त ते.

खेळ सुरू झाला. मी पंखे सरसावून बसलो. खणातल्या त्या काळोखानंतर रस्ते काढायला मिळणार, झाडे काढायला मिळणार, या विचाराने मला काही सुचत नव्हते. पण माझ्याकडे काही आलेच नाही. खिडकीची चौकट आली, घड्याळाचे आकडे आले, आणि बाकीचे तयार चित्र नुसते पडद्याकडे पुढे ढकल, एवढा निरोप आला. शेजारी प्रोसेसर मात्र घामाघूम. त्याचा पंखा जिवाच्या आकांताने ओरडत होता. आम्हा यंत्रांना आपणहून बोलता येत नाही, नाहीतर मी त्याला विचारले असते, अरे भल्या माणसा, माझ्या वाटणीचे तू का ओढतोस? घरातल्या म्हाताऱ्याला काही सांगायच्या ऐवजी माणसे स्वतःच काम उरकून घेतात, तसे काहीसे मला वाटले. खणात पडून माझेच काही बिघडले असणार, असे मी मनाशी धरून चाललो. हलक्या कामाला माझे पंखे फिरत नाहीत. ते फिरत नाहीत हे पेटी बंद असल्यामुळे कुणाला दिसलेही नाही.

बस तशीच अडखळत राहिली. "कार्ड जुनं झालंय, मामा," दादा ओशाळून म्हणाला. या गोष्टीचे वाईट मलाच जास्त वाटले.

मग उपायांचे दिवस आले. लेक कॉलेजातून आली की दप्तर टाकून पेटीपुढे बसायची. तिने खेळातल्या सावल्या बंद केल्या, झाडे कमी केली, चित्र लहान केले. खेळातले शहर पार बोडके झाले, तरी बस अडखळतच होती. तिने माझा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. आईचा पावडर लावायचा ब्रश घेऊन माझ्यावरची धूळ झाडली. आई दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करते. तिने सकाळी घाईत तोच ब्रश गालाला लावला आणि कामावर तशीच गेली. तिथे कुणीतरी सांगेपर्यंत तिला पत्ता नव्हता. संध्याकाळी लेकीची चांगलीच हजेरी घेतली गेली.

इकडे बाबांचे वेगळेच चालले होते. त्यांचा पाय वेळेवर पडायचा, पण पडद्यावरचे चित्र मागून यायचे. ब्रेक दाबला तरी बस थांबताना दिसायची ती थांबा मागे पडल्यावर. लेक म्हणायची, "बाबा, खेळ अडकतोय. तुमचा पाय नाही." बाबा हो म्हणायचे. ती आत गेली की आईला हळूच सांगायचे, "पोर माझं मन राखतेय. कार्ड आणलं, तरी तेच. मग दोष कुणाचा राहिला?"

"अहो, डॉक्टरांनी सांगितलंय ना, पाय बरा आहे."

"डॉक्टरांनी पाय बघितला. ब्रेक नाही बघितला."

हाड जुळल्यावर दाराआड गेलेली काठी दोन दिवसांनी पुन्हा बाबांच्या हातात आली. मित्रांनो, पेटीच्या फटीतून मला बहुतेक वेळा एवढेच दिसायचे, काठीचे रबरी टोक आणि त्याच्या शेजारी जरा जपून पडणारे पाऊल. मी स्वतःवर आणखी खट्टू व्हायचो. मी चांगला असतो, तर हा माणूस काठीशिवाय चालला असता.

चाचणी सोमवारी होती. आदल्या शनिवारी दुपारी बाबा पुन्हा खेळाला बसले. भरलेली बस घेऊन शहरातला सगळ्यात मोठा चढ त्यांनी चढवला. माथ्यावर पोहोचले आणि एक माणूस छत्री घेऊन रस्त्यात धावला. बाबांनी ब्रेक दाबला. चित्र जागच्या जागी गोठले, आणि पुन्हा हलले तेव्हा बस पार पुढे जाऊन उभी होती. छत्री रस्त्यात लोळत होती. खेळातली माणसे कपडे झटकून उठतात आणि चालू लागतात, तसा तोही उठला.

पण बाबांनी दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढले. "बास झालं. सोमवारी सकाळीच डेपोत सांगतो, मला स्टोअरमध्ये द्या. खऱ्या रस्त्यावर खरी माणसं असतात."

आई नुकतीच कामावरून आली होती. ती पर्स खांद्याला तशीच ठेवून, चपला न काढता, दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

"मग हे कार्ड तरी दादाला परत देऊन टाकू," लेक म्हणाली. तिने मशीन बंद केले, पेटी बाहेर ओढली, बाजूचे झाकण उघडले आणि बाबांच्या हातात टॉर्च दिला. स्क्रू फिरू लागला. मला खणातली ती किल्ली आठवली. आता पुन्हा तीच सोबत, असे मी मनाला समजावत होतो.

बाबांची एक जुनी सवय आहे. फेरी संपली की खाली उतरायचे आणि बसच्या इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवायचा. इंजिन किती तापले ते बघायचे, आणि बहुधा त्यातच त्याला शाबासकीही द्यायची. लेक मला ओढून काढणार, एवढ्यात त्या सवयीने त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला. हात तसाच राहिला.

"कंडक्टर," ते म्हणाले, "हे थंड आहे."

"मशीन बंद केलंय ना बाबा."

"आत्ता केलंय. आपण भरलेली गाडी घेऊन चढ चढून आलो. चढ चढून आलेलं इंजिन एवढ्यात थंड होत नाही." मग त्यांनी प्रोसेसरच्या पंख्याजवळ बोटे नेली आणि झटकन मागे घेतली. "हा बघ. हा नुसता भाजतोय. गाडी यानं ओढली. हे कार्ड बसूनच होतं."

लेक स्क्रू हातात घेऊन बघतच राहिली. आई खुर्चीवरून म्हणाली, "म्हणजे ज्याला कामासाठी आणलं, त्याला काम कुणी सांगितलंच नाही?"

इतकी वर्षे मी चित्रे काढली, कौतुक ऐकले, बोलणी ऐकली. पण माझ्याबद्दल एवढे खरे कुणी कधी बोलले नव्हते.

लेकीने मला होतो तसा पक्का बसवला आणि मशीन उघड्यानेच सुरू केले. कोण किती राबतो आहे हे दाखवणारी एक पाटी संगणकात असते. ती तिने खेळाशेजारी उघडली. प्रोसेसरची रेघ छताला टेकली होती. माझी जमिनीला चिकटलेली.

"कार्ड झोपलंय की," ती म्हणाली.

"झोपलेलं नाही. त्याला ड्यूटीच लावलेली नाही," बाबा म्हणाले. "त्याच्या जागी कोण बसलंय ते बघ."

चित्र कुणाकडून काढून घेतले जाते याची नोंद खेळाच्या माहितीच्या पानावर असते. लेकीने ते पान काढले. तिथे माझे नाव असायला हवे होते. होते भलत्याचेच. ते वाचून तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, ही तीच फाइल. कार्ड नव्हतं तेव्हा मी टाकलेली. खेळ लायब्ररी शोधताना आधी आपल्याच फोल्डरमध्ये बघतो. तिथे ही मिळाली की बाहेर विचारायलासुद्धा जात नाही. आणि हिला एवढंच येतं, सगळं काम प्रोसेसरच्या गळ्यात घालायचं. कार्ड आल्यावर ती काढायला हवी होती. दादा विचारतही होता. आणि मी म्हटलं..."

"असू दे, लागेल कधीतरी," आईने वाक्य पुरे केले.

त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसले. आधी आई, मग लेक, मग बाबाही.

"म्हणजे बदली ड्रायव्हर," बाबा म्हणाले. "कायमचा माणूस कामावर हजर झाला, तरी बदलीला कुणी उठ म्हणालं नाही. तो बिचारा गाडी ओढतोय आपला." एवढे बोलून त्यांनी स्टेअरिंगवरून हात फिरवला. त्यांच्या मनात कुठला मार्ग आला असेल, ते तुम्हालाही कळले असेल.

त्या फाइलीचा मला मुळीच राग नाही. मी नव्हतो तेव्हा तिनेच या घरात बस चालवून दाखवली. मोडक्या पायाला काठी लागते. पाय बरा झाल्यावर काठी दाराआड ठेवायची असते, एवढेच.

लेक ती फाइल पुसून टाकणार, तोच आई म्हणाली, "अगं, पुसू नकोस. दुसरीकडे ठेव. उद्या कार्ड बिघडलं तर?" लेकीने तिच्याकडे नुसते पाहिले. मग एक नवा फोल्डर केला, त्याला 'असू दे' असे नाव दिले आणि फाइल त्यात ठेवून दिली.

खेळ पुन्हा सुरू केला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

"बिघडवलं का मी आता?" लेक पुटपुटली. बाबांनी स्टेअरिंग घट्ट धरले होते. मित्रांनो, बिघडले काहीच नव्हते. माझ्याकडे पहिल्यांदाच खरे काम येत होते. सगळे रस्ते, सगळी झाडे, प्रत्येक खिडकीची काच मला मांडून घ्यायची होती. सुग्रण बाईसुद्धा नव्या स्वयंपाकघरात आधी डबे शोधते. जरा दम धरा, असे मला सांगायचे होते.

मग शहर आले. पानांसकट, सावल्यांसकट आले. माझे पंखे गरगर फिरू लागले, आणि शेजारी प्रोसेसरने सुस्कारा टाकला तो मला स्पष्ट ऐकू आला. बस चढ चढू लागली. कुठे अडखळली नाही.

पहिला थांबा आला. बाबांनी ब्रेक दाबला. बस थांबली, पण थांब्याच्या बरीच अलीकडे. रांगेतली माणसे लांबून बघत उभी राहिली.

"आता अलीकडे थांबली," बाबा गोंधळून म्हणाले.

"तुम्ही लवकर दाबलात, बाबा."

"लवकर? माझा पाय तर उशिरा पडतो."

"नाही पडत. खेळ मागे राहत होता, म्हणून तुम्ही न कळत आधीच दाबायला लागलात. आता खेळ वेळेवर आहे. पाय तर तुमचा सगळ्यांच्या आधी आहे."

बाबांनी खाली वाकून आपल्या उजव्या पायाकडे पाहिले. गावाला गेलेला माणूस न कळवता दारात यावा, तसे त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गाडी पुढे काढली. दुसऱ्या थांब्यावर थोडी चूक झाली. तिसऱ्या थांब्यावर दार उघडले ते बरोबर रांगेतल्या पहिल्या माणसासमोर. लेकीने जवळचा कप उचलला आणि त्यावर चमचा दोनदा वाजवला, डबल बेल. आईने तेव्हा कुठे चपला काढल्या.

रविवारी बाबांनी जेवणापुरतीच खुर्ची सोडली. लेक मधेच 'थांबा' म्हणायची, इन्स्पेक्टरसारखा घोगरा आवाज काढून, आणि गाडी तिथल्या तिथे थांबायची. मी संध्याकाळपर्यंत चांगलाच तापलो. इतके बरे मला त्या कार्यालयातही वाटले नव्हते.

सोमवारी सकाळी बाबा गेले. काठी दाराआड होती. लेक कॉलेजात, आई कामावर, मशीन बंद. चाचणी कशी चालली असेल ते मला कळायला मार्ग नव्हता. बंद पेटीत दिवस फार मोठा असतो, मित्रांनो.

संध्याकाळी दोघी घरी आल्या. नंतर दार वाजले. पावले आली, दोन्ही एकाच वजनाची. बाबा पाणीसुद्धा न पिता थेट टेबलापाशी आले आणि खाली बसले. पेटीचे झाकण अजून लावलेले नव्हते. त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला. मी दिवसभर बंद, त्यामुळे गार होतो. पण त्यांचा तळहात गरम होता. दिवसभर स्टेअरिंग धरून आलेल्या माणसाचा असतो, तसा.

"अहो, काय झालं ते सांगा तरी," आई दारातून म्हणाली.

"कंडक्टरला म्हणावं, डबल बेल दे," बाबा म्हणाले.

आता त्या मार्गावर बदली ड्रायव्हर नसतो. त्या बदलीलाही त्याचा कायमचा मार्ग मिळाला, असे बाबा सांगत होते. खेळाचे स्टेअरिंग मैत्रिणीकडे परत गेले. लेकीचे अभ्यासाचे काम मी करतो, पण ते हलके असते, माझे पंखे क्वचितच फिरतात. पुन्हा रिकामा झालो म्हणून कधीकधी थोडे वाईट वाटते. पण ज्या दिवशी फेरी चांगली झाली, त्या दिवशी बाबा घरी आले की पेटीवर तळहात ठेवून जातात. तेवढे मला पुरते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी असेल, एखादे यंत्र, एखादे माणूस, जे हल्ली मंद वाटते. 'जुने झाले' म्हणून त्याला खणात टाकण्याआधी एकदा हात लावून बघा. तापलेले असेल, तर ते दुसऱ्याच्या वाटणीचेही ओढते आहे, त्याला थोडा विसावा द्या. आणि थंड असेल, तर त्याच्यापर्यंत काम पोहोचते का ते बघा. कधीकधी मधे एवढेसेच काहीतरी राहून गेलेले असते.